नवी गाडी, २,३८० किलोमीटर, मागचा ब्रेक जाम आणि ४,२८३ रुपयांचं बिल

विणकर_१३ · ५ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावतोय, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही नीट सल्ला देता येणार नाही.

दसऱ्याला १६० सीसीची नवी बाईक घेतली. पुढे-मागे डिस्क, पुढच्या चाकाला एबीएस. शोरूम सोलापुरातलंच आहे. नाव लिहीत नाही, मला भांडण मिटवायचंय, कुणाची बदनामी करायची नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे, राहायला जुळे सोलापूरला. रोजचं जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर. तीन वर्षं पैसे बाजूला टाकून गाडी घेतली, हप्ते अजून चालू आहेत.

२१ डिसेंबरला बायकोला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीपर्यंत सगळं ठीक. पुढे गाडी ओढेना. तिसऱ्या गिअरवर यावं लागलं, तरी इंजिन नुसतं गुरगुरायचं. क्लच दाबला की गाडी पुढे वाहायला पाहिजे ना, ती जागेवर थांबायला लागली. घाटात जळका वास आला. कडेला घेऊन बघतो तर मागच्या डिस्कमधून धग येत होती, हात जवळ नेता येत नव्हता. चाक हाताने फिरेना. तिथल्या एका चहावाल्याने बाटलीभर पाणी दिलं, 'ओता वर' म्हणाला. मी ओतलं नाही. पाऊण तास बसलो. गार झाल्यावर चाक आपोआप मोकळं झालं! दर्शन घेतलं आणि चाळीसच्या वर न जाता, दोनदा थांबत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. दुपारी फोन आला, "पॅड संपलेत, डिस्क निळी पडलीय, दोन्ही बदलावं लागेल, वॉरंटीत बसत नाही." मी ऑफिसात होतो, 'टाका' म्हणालो. किती होतील हे लेखी घेतलं नाही. २४ तारखेला बिल हातात आलं:

मागचे पॅड ६२०, डिस्क १,८५०, ब्रेक ऑइल ११०. सुट्या भागांचे २,५८०, त्यावर १८ टक्के जीएसटी ४६४.४०. मजुरी ९००, 'इतर साहित्य' १५०, त्यावर जीएसटी १८९. एकूण ४,२८३.

मॅनेजरला विचारलं, अडीच हजार किलोमीटरही न झालेल्या गाडीचे पॅड संपतात कसे? तो म्हणाला, "तुम्ही ब्रेकवर पाय ठेवून चालवता. पॅड झिजण्याची वस्तू आहे, कंपनी देत नाही." आणि पैसे भरल्याशिवाय गाडी मिळणार नाही म्हणाला. मोबाईलवरून भरले आणि गाडी घेऊन आलो.

काल अक्कलकोटला निघालो होतो. वळसंगच्या अलीकडे परत तेच. नवे पॅड, नवी डिस्क, जेमतेम तीनशे किलोमीटर झाले असतील. तोच वास, तीच धग.

पैसे परत मागता येतील का? आणि मुळात गाडीला झालंय काय?

बाळीवेस · ५ जानेवारी, रात्री १०.०५

सरळ गाडी त्यांच्या दारात आडवी लावा आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून टाका. बाकी कशाला घाबरत नाहीत ही लोकं. माझ्या चुलत भावाला असंच क्लच प्लेटच्या नावाखाली लुटलं होतं.

दहाचा_पाना · ५ जानेवारी, रात्री १०.३०

बाळीवेस मालक, व्हिडिओचं नंतर बघू. आधी विणकर दादांना सांगतो, उद्यापासून ही गाडी रस्त्यावर काढू नका. मागचं चाक वळणावर जाम झालं तर पडाल, आणि मागं वहिनी बसलेल्या असतात. कारखान्याला रिक्षाने जावा, बसने जावा, कसंबी जावा. आणि पाणी ओतलं नाही ते लई बेस केलं. लालबुंद तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते.

माझं अशोक चौकाकडं छोटं गॅरेज हाय, बावीस वर्षं हेच करतोय. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं एकच वाक्य माझ्यासाठी पुरेसं हाय: गार झाल्यावर चाक आपोआप मोकळं झालं. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन गंजून अडकला असता किंवा तो सरकतो त्या पिना सुकल्या असत्या, तर गार झाल्यावरबी चाक घासतच राहिलं असतं. तुमचं ऑइल आत कोंडतंय.

सांगतो कसं ते. पेडलपासून एक दांडी मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेकचं ऑइल ढकलणाऱ्या भागाच्या, पिस्टनला जाते, तिला पुशरॉड म्हणतात. पेडल सोडलं की पिस्टन पूर्ण मागं यायला पाहिजे. तो मागं आला की एक बारीक भोक उघडं पडतं आणि ऑइल वरच्या डबीत परत जातं. ब्रेक तापला की ऑइल फुगतं, ते फुगलेलं ऑइलबी त्याच भोकातून वर जातं. आता पुशरॉड जास्त लांब करून बसवला असंल, तर पाय पेडलवर नसताना सुद्धा दांडी पिस्टनला थोडं दाबून ठेवते. भोक झाकलेलं राहतं. ऑइल तापतं, फुगतं, वर जायला वाट नाही, मग ते पॅडला ढकलतं. पॅड घासले की आणखी तापतं. घाटात तर इंजिनबी जोर लावतं, ब्रेकबी धरतो. थांबून गार झालं की ऑइल आकसतं, चाक सुटतं.

अशा गाडीला पॅड बदला, डिस्क बदला, सोन्याची डिस्क लावा, परत तेच होणार. काल तुमचं तेच झालं.

तपासायची पद्धत सांगतो, पण तुम्ही करू नका, मेकॅनिककडून तुमच्यासमोर करून घ्या. गाडी तापून चाक जाम झालेलं असताना मधल्या स्टँडवर घ्यायची आणि कॅलिपरचं ब्लीडिंग निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, अगदी थोडं सैल करायचं. दोन थेंब ऑइल उडून चाक लगेच मोकळं झालं, तर दाब कोंडला होता, दोष पुशरॉडचा किंवा मास्टर सिलिंडरचा. निपल उघडूनबी चाक जामच राहिलं, तर दोष कॅलिपरचा. निपलवर फडकं धरायला सांगा, ब्रेक ऑइल रंगावर पडलं तर रंग खातं.

विणकर_१३ · ५ जानेवारी, रात्री १०.५५

दादा, खूप आभार. गाडी उद्यापासून घरीच. पेडल आत्ता खाली जाऊन बोटाने हलवून बघितलं. अजिबात सैल हालत नाही, लगेच कडक लागतं. शेजारच्या पोराची अशीच गाडी आहे, त्याचं पेडल थोडं सैल हालतं आणि मग ब्रेक लागतो.

दहाचा_पाना · ५ जानेवारी, रात्री ११.००

मग झालं की वं! त्याला प्ले म्हणतात. तुमच्या गाडीला प्लेच नाही. दोन्ही पेडलांचा बोटाने हलवतानाचा व्हिडिओ आत्ताच काढून ठेवा, तारीख-वेळ येऊ द्या.

काउंटरमागचा · ६ जानेवारी, सकाळी ८.१५

मी दुचाकीच्या सर्व्हिस सेंटरला सहा वर्षं ॲडव्हायझर होतो, आता दुसऱ्या धंद्यात आहे. त्या बाजूने बोलतो, रागावू नका.

'पॅड वॉरंटीत नाहीत' हे मॅनेजरने खोटं सांगितलेलं नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत पॅड, केबल, क्लच प्लेट, बल्ब, असे झिजणारे भाग वगळलेलेच असतात. तुम्ही 'नवीन गाडी आहे, फुकट द्या' म्हणून गेलात तर तो ते पान उघडून दाखवेल आणि विषय तिथे संपेल.

ब्रेकवर पाय ठेवून चालवणारी माणसंही खरोखर असतात. रोज एक तरी यायचा. त्यांचे पॅड असेच संपतात, डिस्क अशीच निळी पडते. तेव्हा प्रामाणिकपणे सांगा, तुमचा पाय पेडलवर असतो का?

तुमचं म्हणणं असं पाहिजे: हे पॅड वापराने झिजले नाहीत, चुकीच्या जुळणीने जळले. जुळणी कोणी केली, कधी केली, हे दाखवता आलं पाहिजे. म्हणून विचारतो, पहिल्या सर्व्हिसिंगचं जॉबकार्ड आहे का? त्यावर तुमच्या तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलंय ते शब्दशः टाका.

विणकर_१३ · ६ जानेवारी, दुपारी १.२०

राग कसला, तुम्ही बरोबर विचारलंत. रात्रभर मीही तोच विचार करत होतो की माझीच सवय तर नाही ना. पण दोन गोष्टी आहेत. तुळजापूरला जाताना माझा मेहुणा त्याच्या गाडीवर सतत माझ्या मागे होता. त्याला मुद्दाम काहीही न सांगता विचारलं, माझा ब्रेक लाइट कसा होता? म्हणाला, "बंदच होता की, तुम्ही घाटात थांबलात तेव्हाच लागला." पाय पेडलवर असता तर लाइट पेटलेला राहिला असता. दुसरं, परवा वळसंगपाशी गाडी स्टँडवर लावली, मी खाली उभा, पेडलला कोणाचा पाय नाही, तरी चाक फिरत नव्हतं. हाताने फिरवायचा प्रयत्न करतानाचा व्हिडिओ बायकोने काढलाय.

आता जॉबकार्ड. जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन फाइल काढली. ६ नोव्हेंबर, ७४० किलोमीटर, पहिली फ्री सर्व्हिस. तक्रारीच्या रकान्यात त्यांच्याच हस्ताक्षरात: "मागचा ब्रेक खाली लागतो, टाइट करणे." समोर केलेल्या कामात: "रिअर ब्रेक ॲडजस्ट केला." खाली मेकॅनिकची सही.

मला हे आठवतच नव्हतं. मीच म्हणालो होतो की ब्रेक जरा खाली लागतो.

काउंटरमागचा · ६ जानेवारी, दुपारी १.४५

मग पाया पक्का झाला. तुम्ही तक्रार केली यात तुमची काही चूक नाही. पुशरॉड किती फिरवायचा ते ठरवणं मेकॅनिकचं काम आहे. मूळ प्रत कोणाच्या हातात देऊ नका. झेरॉक्स द्या.

आणि जुने पॅड, जुनी डिस्क परत घेतली होती का?

विणकर_१३ · ६ जानेवारी, दुपारी १.५०

होय, बायकोने हट्टाने मागून घेतली. नव्या भागांचे रिकामे खोकेही त्याच पिशवीत आहेत.

लेथ_आणि_गेज · ६ जानेवारी, रात्री ८.३०

वहिनींना माझा नमस्कार सांगा, अर्धी केस त्या पिशवीत आहे. तुमच्याच एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, उद्या कामावरून सुटताना डिस्क घेऊन या. पैसे घेणार नाही.

विणकर_१३ · ७ जानेवारी, रात्री ९.१०

जाऊन आलो. त्यांनीच मोजलेलं लिहायला सांगतो.

लेथ_आणि_गेज · ७ जानेवारी, रात्री ९.४०

डिस्कवर कंपनीने कमीत कमी जाडी कोरलेली असते, जाडी त्याखाली गेली की डिस्क बाद. या डिस्कवर ३.५ मिमी कोरलंय. मायक्रोमीटरने सहा ठिकाणी मोजली, सगळीकडे ३.९ च्या आसपास. म्हणजे झीज जवळपास नाहीच. पण डायल गेज लावून फिरवली तर ती चांगलीच डोलते, आणि कडेने गोल निळा पट्टा आहे. ही डिस्क झिजून बाद झालेली नाही, तापून वाकली आहे. बदलली ते योग्यच, वाकडी डिस्क ठेवून चालत नाही. मात्र तिला 'झीज' म्हणणं मोजमापात टिकत नाही.

पॅडही बघितले. आतला आणि बाहेरचा दोन्ही सारखेच संपलेत. पिना अडकल्या असत्या तर सहसा एक जास्त आणि एक कमी झिजतो. दोन्हींवर सारखा दाब होता, आणि तो बराच काळ होता. कागदावर आकडे लिहून, सही करून दिलंय.

काळा_कोट · ७ जानेवारी, रात्री १०.२०

वकिली करतो, त्यामुळे कायद्यापुरतं बोलतो.

पैसे भरेपर्यंत गाडी अडवली, त्याबद्दल अनेकांना वाटतं की ही दांडगाई आहे. तसं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे ज्याने वस्तूवर कौशल्य किंवा श्रम खर्चून काम केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ताब्यात ठेवता येते. म्हणून तिथे उभं राहून हमरीतुमरीवर येण्यात अर्थ नसतो. पैसे भरायचे, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'रक्कम हरकत राखून भरत आहे' असं लिहून सही करायची. विणकर, तुम्ही ते केलं नाही. हक्क त्याने बुडत नाही, पण आता उशीर न करता लेखी हरकत पाठवा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दोन बाजू आहेत. सदोष सेवा ही मुख्य: पहिल्या सर्व्हिसिंगला चुकीची जुळणी, आणि डिसेंबरमध्ये मूळ दोष न शोधता फक्त जळलेले भाग बदलणं. दुसऱ्या बाजूला गाडीत मुळातच दोष असेल, मास्टर सिलिंडर खराब निघाला तर, तो निर्मात्याचा प्रश्न होतो. म्हणून पत्र दोघांनाही, शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ते निकाल देत नाहीत, कंपनीकडे पाठपुरावा करतात, पण बऱ्याच तक्रारी तिथेच सुटतात. नाही सुटली तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, म्हणजे कंपनीचं मुख्यालय कुठेही असो, तुम्ही सोलापूर सोडायची गरज नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. वकील लावणं सक्तीचं नाही, आणि हे मी वकील असून सांगतोय. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

बाळीवेस, व्हिडिओ टाकण्याबद्दल: आत्ता नको. तथ्य सिद्ध व्हायच्या आधी नावानिशी आरोप केला तर उलट नोटीस यांनाच येईल, आणि मूळ मुद्दा बाजूला राहील.

बाळीवेस · ७ जानेवारी, रात्री १०.३५

पटलं साहेब. भावाच्या वेळेला आमच्याकडं ना जॉबकार्ड होतं ना जुना भाग. नुसतं ओरडलो.

नवी_पेठेतली_ताई · ८ जानेवारी, दुपारी १२.१५

आमचं स्पेअर पार्टचं दुकान आहे, काउंटरवर मीच असते. सगळे ब्रेकच्या मागे लागलेत, बिलाकडे कुणाचं लक्षच नाही. विणकर भाऊ, तुम्ही हिशेबाचे माणूस, तुमच्याही नजरेतून सुटलं?

रिकाम्या खोक्यावर किंमत काय छापलीय बघा. पॅडच्या खोक्यावर ६२०? आणि डिस्कच्या खोक्यावर १,८५०?

विणकर_१३ · ८ जानेवारी, दुपारी १२.४०

हो ताई. दोन्ही तंतोतंत. 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' असं छापलंय.

अरे देवा. त्यावर परत १८ टक्के लावलाय.

नवी_पेठेतली_ताई · ८ जानेवारी, दुपारी १२.५५

तेच म्हणते मी. छापील किंमत सर्व करांसह असते. जीएसटी त्या ६२० च्या आत आहे. बिलात कर वेगळा दाखवायचा तर मूळ किंमत कमी दाखवायची, बेरीज ६२० च्या वर जाता कामा नये. आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत, आमच्याकडे वैध मापन शास्त्राचे निरीक्षक येऊन हेच तपासतात. मजुरीवर कर वरून लावला ते ठीक, मजुरीला छापील किंमत नसते. पण भागांवरचे ४६४ रुपये सरळ सरळ जास्त घेतलेत. यात पाय कुठे ठेवला, पुशरॉड किती फिरवला, काही सिद्ध करायचं नाही. खोका आणि बिल शेजारी ठेवून फोटो काढा.

आणि ते 'इतर साहित्य १५०' म्हणजे काय ते विचारा. फडकं, स्प्रे, पॉलिश पेपर? नाव आणि नग लिहून द्या म्हणायचं.

काउंटरमागचा · ८ जानेवारी, दुपारी २.१०

ताईंचा मुद्दा पत्रात आधी घाला. ज्या मुद्द्यावर त्यांच्याकडे उत्तर नाही, त्याने सुरुवात झाली की पुढची पानं नीट वाचली जातात. माझ्या काळात असं पत्र आलं की मॅनेजर ते स्वतःकडे ठेवून घेत नसे, मालकाकडे नेत असे. आणि भेटीच्या वेळी कंपनीचा विभागीय सर्व्हिस इंजिनिअर हजर पाहिजे हे लेखी मागा. ही माणसं ठरावीक दिवशी सोलापूरला येतातच.

विणकर_१३ · ९ जानेवारी, रात्री ११.००

हे पत्र उद्या स्पीड पोस्टाने आणि मेलने पाठवतोय. काळजीपूर्वक बघा आणि चुका सांगा.

"महोदय, माझ्या बाईकच्या मागच्या ब्रेकच्या कामाबद्दल दि. २४ डिसेंबर रोजी आपण माझ्याकडून ४,२८३ रुपये घेतले. त्यास माझी पुढीलप्रमाणे हरकत आहे. सुट्या भागांच्या छापील किमतीत सर्व कर समाविष्ट असताना त्यावर ४६४.४० रुपये कर वेगळा घेतला आहे. खोक्यांची छायाचित्रे सोबत आहेत. दि. ६ नोव्हेंबरच्या जॉबकार्डनुसार मागचा ब्रेक आपल्या मेकॅनिकने ॲडजस्ट केला. त्यानंतर १,६४० किलोमीटरमध्ये पॅड संपले व डिस्क तापून वाकली. डिस्कची जाडी किमान मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे मोजमाप सोबत जोडले आहे. भाग बदलल्यानंतर ४ जानेवारी रोजी तोच बिघाड पुन्हा झाला. गाडी सध्या बंद आहे. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरच्या उपस्थितीत, माझ्यासमोर तपासणी करून बिघाडाचे कारण जॉबकार्डवर लेखी द्यावे व घेतलेली रक्कम परत करावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन."

काळा_कोट · ९ जानेवारी, रात्री ११.२५

उत्तम. एक शब्दही वाढवू नका. पोचपावती जपून ठेवा.

दहाचा_पाना · १० जानेवारी, सकाळी ७.५०

तपासणीला जाताना गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. आणि तिथं गेल्यावर ते थंड गाडीचं चाक फिरवून 'बघा, मोकळं हाय' म्हणतील. मान्य करू नका. इंजिनिअरला स्वतःला आठ-दहा किलोमीटर फिरवून आणायला सांगा, मग स्टँडवर घ्या, मग निपल. पेडलचा प्ले आधीच स्केल लावून मोजायला सांगा, तुमच्या गाडीच्या पुस्तकात तो किती मिलिमीटर पाहिजे ते लिहिलेलं असतं.

विणकर_१३ · १९ जानेवारी, रात्री ९.३०

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत चार-पाच दिवस इकडे येणं झालं नाही, माफ करा. आज तपासणी झाली.

पत्र पोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला होता. आवाज एकदम बदललेला. "४६४ रुपये परत देतो आणि पुढच्या दोन सर्व्हिसिंगची मजुरी माफ करतो, विषय मिटवा." क्षणभर वाटलं मिटवून टाकावं. सुट्टी काढायची, टेम्पोचे पैसे, डोक्याला ताप. पण ब्रेक का धरतो हे कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याच गाडीवर बायकोला बसवायचंय. तपासणीच पाहिजे असं सांगितलं. १९१५ वरही नोंद केली होती, त्यांचा क्रमांक दिला.

आज अकरा वाजता कंपनीचे इंजिनिअर आले. माणूस शांत होता. मी फाइल पुढे केली, त्यांनी सगळी वाचली, पहिलं जॉबकार्ड दोनदा वाचलं. पेडलला स्केल लावली. प्ले शून्य. मग मी काही म्हणायच्या आत स्वतःच हेल्मेट घालून विजापूर रोडने गाडी फिरवून आणली. परत आले ते वास घेऊनच. स्टँडवर घेतली, चाक जाम. मॅनेजर, दोन मेकॅनिक आणि मी भोवती उभे. निपल जेमतेम पाव फेरा सैल केलं, फडक्यात ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. हाताने फिरवलं तर गरागरा फिरलं.

कोणी काही बोललं नाही. इंजिनिअरने पुशरॉडचा लॉकनट सोडला, दांडी मागे घेतली, प्ले पुस्तकाप्रमाणे ठेवला, ब्लीडिंग केलं आणि परत फिरवून आणली. या वेळी डिस्क गरम होती, पण जितकी असायची तितकीच.

मग कागदाचा विषय. मॅनेजरने जॉबकार्डवर लिहिलं, "ब्रेक तपासून योग्य केला." मी सही केली नाही. कारण लिहा म्हणालो. थोडी ओढाताण झाली. शेवटी इंजिनिअरनेच पेन घेतलं आणि लिहिलं, "पेडल फ्री प्ले शून्य आढळला, पुशरॉड पुन्हा ॲडजस्ट केला. मास्टर सिलिंडर व कॅलिपर ठीक. नवीन पॅड व डिस्क पुढील सर्व्हिसला विनामूल्य तपासणे."

पैसे: ब्रेक ऑइलचे ११० वगळून बाकी ४,१७३ रुपये खात्यावर परत आले, संध्याकाळीच. ऑइलचे मी सोडून दिले, ते खरोखरच गाडीत घातलंय.

पहिल्या सर्व्हिसिंगला ज्या पोराने दांडी फिरवली होती तो तिथेच होता. विशी-एकविशीचा असेल. निघताना गेटपाशी आला, म्हणाला, "काका, तुम्ही टाइट करा म्हणाला होता, मी केलं. प्ले ठेवायचा असतो हे मला कोणी दाखवलं नव्हतं." मला त्याच्यावर रागावता आलं नाही. इंजिनिअरला फोन करून एवढंच सांगितलं की त्याच्या पगारातून हे पैसे कापू नका, त्याला शिकवा. ते 'बघतो' म्हणाले. पुढच्या सर्व्हिसला गेल्यावर त्या पोराला विचारणार आहे.

दहाचा_पाना · १९ जानेवारी, रात्री ९.५०

हे वाचून बरं वाटलं दादा. त्या पोराला माझ्याकडं पाठवा एका रविवारी. तासाभरात दाखवतो, चहाबी पाजतो.

नवी_पेठेतली_ताई · १९ जानेवारी, रात्री १०.१५

पैसे मिळाले छान झालं. पण सुधारित बिल घेतलंत का? जुनं चुकीचं बिल रद्द झाल्याची क्रेडिट नोट मागा. नाहीतर दुसऱ्या गिऱ्हाइकाला परत तसंच बिल फाटेल.

विणकर_१३ · १९ जानेवारी, रात्री १०.२०

राहिलं ताई. उद्याच मेल करतो.

हिप्परगा · २० जानेवारी, सकाळी ७.०५

दोन आठवडे नुसता वाचत होतो. आज सकाळी माझी गाडी बघितली. चार महिन्यांपूर्वीची आहे, मागचं पेडल बोट लावताच कडक. जॉबकार्डवर "रिअर ब्रेक ॲडजस्ट" लिहिलंय. मात्र माझी गाडी अजून तापलेली नाही, वासही आलेला नाही. लगेच नेऊ, की दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत थांबू?

दहाचा_पाना · २० जानेवारी, सकाळी ७.२०

गावात चार-पाच किलोमीटर चालवता म्हणून तापली नसंल, लांब गेला की तापंल. थांबू नका, आजच न्या. आणि नेण्याआधी पेडलचा व्हिडिओ काढा.